कॉलेजचा मेल कुठे उघडायचा: ब्राउझर, ॲप की सरळ घरच्या जीमेलवर?

प्रवेश पक्का झाला की विद्यापीठाकडून किंवा कॉलेजकडून एक मेल आयडी आणि तात्पुरता पासवर्ड हातात पडतो. पुढे तीन वाटा असतात: ब्राउझरमध्ये वेबमेल उघडायचं, फोनवर ॲप टाकायचं, नाहीतर सगळा मेल आपल्या जुन्या जीमेलवर वळवून घ्यायचा. तिसरी वाट सगळ्यात सोपी दिसते आणि घोळही सगळ्यात जास्त तिथेच होतात.

आधी आपली यंत्रणा कुठली ते बघा. लॉगिनच्या पानावर गूगल दिसलं तर जीमेल, प्रश्नच नाही. मायक्रोसॉफ्ट दिसलं तर आउटलुक. साधंसुधं पान आणि त्यावर राउंडक्यूब असं नाव असेल, तर तो बहुधा संस्थेचा स्वतःचा सर्व्हर असतो.

पहिलं लॉगिन मात्र कुठलीही वाट धरली तरी लॅपटॉपवरच करा. युजरनेममध्ये नुसता रोल नंबर न टाकता पूर्ण पत्ता टाका. ‘खातं सापडत नाही’ असा संदेश येतो तो बहुतेक वेळा यामुळेच. पासवर्ड बदलला की लगेच टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी खात्री, चालू करा. गूगल १० बॅकअप कोड देतं, प्रत्येक ८ आकडी आणि एकदाच चालणारा. ते कागदावर उतरवून घरी ठेवा. फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवले आणि संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये फोनच गेला, तर कोडही त्याच्याबरोबर गेले. मायक्रोसॉफ्टच्या ऑथेंटिकेटरमध्ये (ही दुसरी खात्री देणारं ॲप) कॉलेजचं खातं नव्या फोनवर आपोआप चालू होत नाही. जुना फोन विकण्याआधी नवा जोडून घ्या, नाहीतर आयटी विभागाच्या खिडकीवर रांग लावणं आलं.

ब्राउझर

सगळ्या सोयी इथेच मिळतात: फिल्टर, सही, जुन्या मेलमधला शोध, सुट्टीचं ऑटो-उत्तर. अट एकच, क्रोममध्ये कॉलेजसाठी वेगळं प्रोफाइल करायचं. त्याचं कारण असं: विभागाकडून सबमिशनचा गूगल फॉर्म येतो आणि तो फक्त संस्थेच्या खात्यांना उघडा असतो. त्याच खिडकीत घरचं जीमेल आधीपासून चालू असलं की लिंक त्या खात्यातून उघडते आणि ‘तुम्हाला परवानगी नाही’ असं दाखवते. मग पोरं सरांना मेल टाकतात की फॉर्म बंद झालाय. फॉर्म चालूच असतो, खातं चुकलेलं असतं. वेगळं प्रोफाइल असलं की ही भानगडच उरत नाही.

ब्राउझरचा खरा धोका कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात आहे. प्रिंटसाठी तिथल्या पीसीवर लॉगिन करायचं आणि घाईत तसंच निघायचं, हे रोजचं. इन्कॉग्निटो खिडकी वापरा आणि ती बंद करूनच उठा. विसरलात तर घरून जीमेलच्या पानावर अगदी खाली उजवीकडे ‘डिटेल्स’ असतं, तिथून बाकीची सगळी सत्रं, म्हणजे इतरत्र चालू राहिलेली लॉगिन, बंद करता येतात. त्याहून बरं म्हणजे पीडीएफ पेनड्राइव्हवर न्या.

राउंडक्यूबवाल्यांनी आणखी एक सांभाळायचं. लॅपटॉप झोपला किंवा वायफाय काही वेळ तुटलं की सत्र संपू शकतं. लांब अर्ज आधी दुसरीकडे लिहा, मग चिकटवा. कोटाही, म्हणजे मेल साठवायची जागा, बहुधा लहान असतो आणि कचरापेटीतला मेल त्यातच मोजला जातो. पेटी भरली की तुम्हाला येणारा मेल पाठवणाऱ्याकडे परत जातो.

ॲप

सूचना वेळेवर मिळायला ॲपच हवं. लोकलमध्ये रेंज गेली तरी आधी उतरलेला मेल वाचता येतो आणि लिहिलेलं उत्तर आउटबॉक्समध्ये थांबून रेंज आल्यावर जातं. डेडलाइनच्या दिवशी मात्र ते ‘सेंट’मध्ये पोचलंय का, हे उतरल्यावर बघाच.

दोन गोष्टी लगेच बदला. आउटलुकमधला ‘फोकस्ड’ इनबॉक्स बंद करा, कारण परीक्षेच्या सूचना शेकडो जणांना एकदम जातात आणि ‘अदर’मध्ये जाऊन पडतात. जीमेलमध्येही तसंच, सेटिंगमधल्या इनबॉक्सच्या कॅटेगरींतून ‘अपडेट्स’वरची खूण काढा म्हणजे तो कप्पा जातो. तरीही सूचना उशिरा येत असतील तर फोनचा बॅटरी सेव्हर तपासा.

राउंडक्यूबचा मेल फोनवर घ्यायचा तर ॲपच्या सेटिंगमध्ये आयमॅप निवडा, त्यात मेल सर्व्हरवरच राहतो. पोर्टच्या रकान्यात बहुधा ९९३; पाठवण्यासाठी ५८७. पॉप निवडू नका, कारण काही ॲप मेल उतरवून सर्व्हरवरून पुसून टाकतात आणि मग वेबमेल रिकामं दिसतं.

फॉरवर्ड

मायक्रोसॉफ्टच्या खात्यात बाहेरच्या पत्त्यावर आपोआप फॉरवर्ड करणं मुळातच बंद असतं, संस्थेनं मुद्दाम उघडलं तरच चालतं. जीमेलमध्ये जमतं, कोड टाकून पत्ता खरा करायचा की झालं. पण स्पॅममध्ये अडकलेला मेल पुढे जातच नाही. शिष्यवृत्तीचा मेल तिथे पडला, तर तो तुमच्यापर्यंत येणार नाही.

संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवरून वळवलेल्या मेलचं दुखणं वेगळं. पाठवणाऱ्याच्या डोमेननं (पत्त्यातला @ नंतरचा भाग) कुठल्या सर्व्हरला परवानगी दिली आहे, हे जीमेल तपासतं. मेल येतो कॉलेजच्या सर्व्हरवरून, नाव असतं तिसऱ्याच कुणाचं. ओळखपत्र एकाचं आणि दारात दुसराच उभा, तर सोसायटीचा वॉचमन अडवणारच. असा मेल स्पॅममध्ये जाऊ शकतो किंवा नाकारला जाऊ शकतो.

आणि उत्तर जातं तुमच्या घरच्या आयडीवरून. आठवीत काढलेला तो आयडी परीक्षा विभागाला ओळखू येत नाही, फक्त सदस्यांसाठी असलेले ग्रुप तर असं उत्तर परतवतात.

आमचं मत: पहिल्या वर्षाला असाल तर ब्राउझर आणि ॲप दोन्ही, फॉरवर्ड नाही. शेवटच्या सत्रात असाल आणि कॉलेजचा मेल क्वचित येत असेल, तर फॉरवर्ड चालेल, पण आठवड्यातून एकदा मूळ पेटी आणि तिचं स्पॅम उघडून बघायचं.

जोडपत्राचं गणित तिन्हीकडे सारखंच. जीमेलची मर्यादा २५ एमबी, पण पाठवताना फाइल साधारण एक तृतीयांश फुगते, म्हणून १८ एमबीच्या आत ठेवा. मर्यादा ओलांडली की जीमेलमधून फाइलऐवजी ड्राइव्हची लिंक जाते आणि बाहेरच्या परीक्षकाला ‘परवानगी मागा’ दिसतं. शेअरिंग आधी तपासा. फाइलचं नाव रोमन अक्षरांत, रोल नंबरसह द्या. देवनागरी नावं जुन्या यंत्रणांत अजूनही बिघडतात.

महाडीबीटी, बँक, नोकरीचे अर्ज यांना मात्र कॉलेजचा आयडी देऊ नका. पास झाल्यावर खातं बंद होऊ शकतं आणि ओटीपी त्याच पेटीत जात राहतो. शेवटच्या परीक्षेआधीच गूगल टेकआउटवरून मेल आणि ड्राइव्हची प्रत काढून घ्या. काही संस्थांनी टेकआउट बंद ठेवलेलं असतं, तिथे लागणारे मेल एकेक करून पीडीएफ करावे लागतात आणि त्याला वेळ लागतो.