ठाण्यात रोड बाइक (डांबरी रस्त्यावर वेगाने चालवायची सायकल) चालवायची, तर चेन स्वस्त घ्यावी की महाग?

चेन बदलायची वेळ आली की दुकानदार काउंटरवर दोन-तीन डबे ठेवतो. चेन दिसायला जवळपास सारख्या, पण किंमत एकीची दुसरीपेक्षा दुप्पट, तिसरीची त्याहून जास्त. घोडबंदर रोड, येऊर, पाम बीच रोड हे ज्यांचे रोजचे रस्ते आहेत, त्यांना माझा सल्ला आधीच सांगून टाकतो. ८ किंवा ९ गिअरची बाइक असेल तर साधी पण गंजरोधक लेपाची चेन घ्या. ११ गिअरची असेल तर मधल्या दर्जाची. सगळ्यात वरची चेन शर्यतीत उतरणाऱ्यांसाठी ठेवा.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा, ती म्हणजे मागच्या चकत्या किती. सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीच्या गिअर-संचांत क्लॅरिसला ८, सोराला ९, टियाग्राला १०, आर७००० मालिकेच्या १०५ ला ११ आणि त्यानंतरच्या १०५ ला १२. सगळ्या चेनमध्ये पिन ते पिन अंतर अर्धा इंचच असतं, पण बाहेरची रुंदी कमी होत जाते. ८ गिअरची चेन साधारण ७ मिलिमीटर रुंद, तर ११ ची साडेपाचच्या आसपास. म्हणून महागाची ११ ची चेन ८ च्या बाइकवर टाकून काहीही मिळत नाही. तुलना करायची ती आपल्या गिअरसंख्येतल्या चेनमध्येच.

आता जास्तीचे पैसे नेमके कुठे जातात ते पाहू. ११ गिअरमध्ये शिमानोच्या एचजी ६०१, ७०१ आणि ९०१ या तीन पायऱ्या आहेत. ६०१ च्या फक्त आतल्या प्लेटवर घर्षण कमी करणारा लेप असतो, ७०१ मध्ये तो बाहेरच्या प्लेटवरही येतो, आणि ९०१ मध्ये शिवाय पिन पोकळ असतात. चेन बनवणाऱ्या केएमसी कंपनीच्या एक्स११एसएलमध्ये पोकळ पिनसोबत प्लेटलाही खाचा पाडलेल्या असतात. पोकळ पिन आणि खाचा यांचा फायदा एकच, वजन. तेही काही दहा ग्रॅमांनी कमी होतं. येऊरच्या चढाला पाण्याची बाटली अर्धी भरून नेलीत तर त्याच्या कितीतरी पट वजन वाचतं, आणि फुकटात. लेपाचं तसं नाही. त्याने चेन मऊ चालते, गिअर पडताना आवाज कमी येतो, चिखल कमी धरतो. म्हणून ६०१ वरून ७०१ वर जायला मी नेहमी हो म्हणतो. ७०१ वरून ९०१ वर जायला कारण लागतं.

आपल्याकडे चेनचा खरा शत्रू वजन नाही, रेती आहे. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामाची धूळ, काँक्रीटची भुकटी, जड वाहनांनी उडवलेली माती, सगळं तेलावर येऊन बसतं. जून ते सप्टेंबर त्यात पाणी मिसळतं, त्याची राखाडी लापशी होते आणि ती पिन अन् आतल्या प्लेटच्या मधे शिरते. तिथे ती पॉलिश पेपरसारखी घासत राहते. पिन झिजते, प्लेटचं भोक झिजतं, प्रत्येक सांध्यात थोडी ढिलाई येते आणि सगळी चेन मिळून लांब होते. पोलाद ताणलं गेलेलं नसतं. ही झीज महागड्या चेनलाही सुटत नाही. गायमुखच्या घाटातून भिजून आल्यावर चेन पुसून, सुकवून, प्रत्येक रोलरवर एक थेंब तेल सोडणाऱ्याची ६०१, तसं न करणाऱ्याच्या ९०१ पेक्षा जास्त टिकेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

गंजाचा विचार मात्र खरेदीच्या वेळीच करावा लागतो. लेप नसलेली राखाडी चेन पावसात भिजून रात्रभर तशीच राहिली, तर सकाळी बाहेरच्या प्लेटच्या कडांना नारिंगी ठिपके दिसतात. ते पुसले जातात, त्याने लगेच काही बिघडत नाही. पण हाच गंज सांध्यात गेला की एखादी कडी आखडते आणि डेरेलरच्या (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेच्या) छोट्या चाकावरून जाताना दर फेऱ्याला टक् असा उडीचा आवाज येतो. पाम बीच रोडला खाडीची दमट हवा वर्षभर असते, तिथल्या आणि नेरूळ-सीवूड्सच्या मंडळींना हे पावसाळ्याबाहेरही दिसतं. केएमसीच्या काही चेन ईपीटी नावाच्या गंजरोधक लेपात मिळतात. चकचकीत नसतात, फिकट राखाडी दिसतात, आणि ८-९ गिअरमध्येही येतात. माझ्या मते आपल्या भागात जास्तीचे पैसे घालायची सगळ्यात योग्य जागा ही.

आणि हिशोब फक्त चेनचा करू नका. ११ गिअरची कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, चेनपेक्षा महाग पडते, आणि झिजलेली चेन कॅसेटचे दात खाते. एक महागडी चेन संपेपर्यंत रेटण्यापेक्षा मधल्या दर्जाच्या चेन वेळेवर बदलत एकच कॅसेट जपणं केव्हाही स्वस्त. मोजायला स्टीलची फुटपट्टी पुरते. एका पिनच्या मध्यावर शून्य धरा आणि २४ कड्या मोजा. नव्या चेनमध्ये शेवटच्या पिनचा मध्य बरोबर १२ इंचांवर येतो. तो दीड मिलिमीटर पुढे गेला म्हणजे अर्धा टक्का झीज, तिथे ११-१२ गिअरची चेन उतरवावी. ८ ते १० गिअरला पाऊण टक्क्यापर्यंत, म्हणजे सव्वादोन मिलिमीटरपर्यंत थांबता येतं.

मग वरची चेन घ्यावी कोणी? टाइम ट्रायल, म्हणजे घड्याळाशी एकट्याने लावलेली शर्यत, करणाऱ्यांनी, जिथे दोन-चार वॅटही मोजले जातात. आणि जे चेन उकळत्या पाण्यावर वितळवलेल्या पॅराफिन मेणात बुडवून वापरतात त्यांनी, कारण कोरड्या मेणाला रेती चिकटत नाही आणि चांगल्या चेनचा गुण टिकून राहतो. पण मेण पावसात लवकर धुतलं जातं, पावसाळ्यात ती मेहनत पुन्हा पुन्हा करायची तयारी हवी.

ऑनलाइन अर्ध्या किमतीत दिसणारी नामांकित कंपनीची चेन घेऊ नका. बनावट चेन बाजारात आहेत, आणि चढाला उभं राहून पेडल मारताना पिन निसटली तर माणूस सरळ हँडलवर आपटतो. बिलासह, ओळखीच्या दुकानातून घ्या. क्विक लिंक, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणारी कडी, डब्यात आहे का तेही विचारा. ११-१२ गिअरची लिंक बहुतेक कंपन्या एकदाच वापरायला सांगतात, तेव्हा एक जास्तीची घेऊन सॅडलखालच्या पिशवीत ठेवा. नवी चेन कापताना जुनी शेजारी लटकवून लांबी जुळवू नका, जुनी झिजून लांब झालेली असते. कड्या मोजून कापा.