हरणाच्या शिकारीसाठी गोळी: शिशाची की तांब्याची?

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात हरणांच्या शिकारीचा रायफल सीझन नऊ दिवसांचा. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी तो सुरू होतो आणि ऑक्टोबर लागला की ओळखीतल्या दोघातिघांचा तरी फोन येतो: लायसन्स झालं, .३०८ रायफल घेतली, आता काडतुसं कुठली घेऊ? (भारतात १९७२ च्या कायद्यापासून हरणाची शिकार हा गुन्हा आहे. हे सगळं इथल्या, परवान्यावरच्या व्हाईटटेल हरणाबद्दल.) कॅलिबरच्या, म्हणजे रायफलीच्या मापाच्या, वादात मी पडत नाही. .२४३, .३०८, .३०-०६, हाताशी असेल ती व्हाईटटेलला पुरते. प्रश्न उरतो तो काडतुसाच्या तोंडाशी बसवलेल्या गोळीचा. पातळ तांब्याच्या कवचात शिसं भरलेली, की अख्खी तांब्याची?

मी पाच सीझन शिशाची वापरली, गेले चार तांब्याची. हरणं दोन्हींनी पडली.

शिशाची बाजू आधी मांडतो, कारण तिनं मला रानात कधी दगा दिला नाही. शिसं मऊ. नुसती बरगडी लागली तरी गोळी फुलते, आणि नेम फुफ्फुसांवर बसला असेल तर हरीण बहुधा तीस-चाळीस पावलांच्या आत आडवं होतं. स्वस्त आहे, कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळते, आणि माझ्या रायफलला १६५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) जी मिळेल ती मानवायची. दाट झाडीत साठ-सत्तर यार्डांवरून बार काढणाऱ्याला याहून जास्त काय हवं, असं मलाही पाच वर्षं वाटत होतं.

पाचव्या वर्षी एक मादी जरा तिरकी उभी होती आणि गोळी खांद्याच्या हाडावर बसली. जागीच पडली. मांस मी घरीच सोडवतो, गॅरेजमधल्या टेबलावर. कातडं काढलं तर पुढचा फरा जांभळा, रक्त साकळून जेलीसारखा लिबलिबीत झालेला. तेवढं कापून टाकलं. मग त्याच्या पलीकडचं. मग मानेकडचं. दिसायला स्वच्छ लाल मांस लागलं तिथं थांबलो आणि खिम्यासाठी तुकडे करायला घेतले, तर सुरीच्या टोकाखाली काहीतरी कचकन लागलं. खसखशीच्या दाण्याएवढा करडा कण. खालच्या पांढऱ्या कागदावर बोटानं घासला, तर पेन्सिलीसारखी रेघ उमटली.

माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती आणि तो खिमा तिच्याच डब्यात जायचा होता. लहान मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळीच नाही, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि समोरच्या कागदावर ती रेघ बघणं वेगळं. कुठवर कापलं म्हणजे पुरे, हे मला कळेना. शेवटी दोन्ही पुढचे फरे आणि मानेचं मांस टाकून दिलं. ज्या जनावराचा जीव घेतला त्याचं एवढं मांस फेकणं मला फार लागलं.

ही माझी एकट्याची धास्ती नव्हती. शेजारच्या मिनेसोटात २००८ साली वन्यजीव खात्यानं मेंढ्यांच्या धडांवर वेगवेगळ्या गोळ्या झाडून एक्स-रे काढले, तेव्हा जखमेपासून फूटभर लांबही शिशाचे कण सापडले. त्यातले बरेचसे डोळ्यांना दिसणारही नाहीत एवढे बारीक. आणखी एक: आतडी आपण रानातच सोडतो. दुसऱ्या दिवशी त्यांवर टक्कल गरुड (बाल्ड ईगल) उतरलेले मी पाहिलेत. आपल्या गोळीतलं शिसं त्यांच्याही पोटात जातं.

आता तांबं. बार्न्स कंपनीनं अशी गोळी १९८९ मध्ये बाजारात आणली. आज बहुतेक मोठ्या कंपन्या बनवतात. आत शिरली की टोक चार पाकळ्यांत उघडतं आणि गोळी जवळजवळ सगळ्या वजनानिशी पार जाते. माझ्या टेबलावर आता जखमेभोवती तळहाताएवढं मांस वाया जातं. चार वर्षांत पुढचा फरा एकदाही टाकावा लागलेला नाही. मोजमाप म्हणाल तर माझ्याकडे एवढंच.

तक्रारी आहेत, त्या लपवत नाही. काडतुसांचा डबा मी घेतो त्या दुकानात जवळपास दुप्पट किमतीला पडतो. हरीण जरा जास्त पळतं असं मला वाटतं, निदान नेम खांद्याच्या मागे असेल तर. म्हणून मी आता नेम थोडा पुढे, खांद्यावरच धरतो. हाड लागलं की पाकळ्या नीट उघडतात, आणि मांस खराब होण्याची भीती राहिलेली नाही. तांबं शिशाहून हलकं, म्हणजे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. तेव्हा एक पायरी खाली उतरावं. १६५ ऐवजी मी १५० ग्रेनवर आलो. आणि तिला वेग लागतो. लांब पल्ल्यावर वेग फार उतरला की ती हवी तशी उघडत नाही. माझे सगळे बार दीडशे यार्डांच्या आतले, त्यामुळे मला हा अनुभव नाही. तीनशे यार्डांवर शेत ओलांडून मारणाऱ्यानं मात्र डब्यावर किमान वेग किती लिहिलाय ते बघावं.

मधला मार्गही आहे: कवचाला घट्ट जोडलेलं शिसं, किंवा मध्ये तांब्याचा पडदा असलेली नोस्लर कंपनीची 'पार्टिशन' गोळी, जी १९४८ पासून विकली जाते. साध्या गोळीपेक्षा या कमी फुटतात. एल्कसारख्या मोठ्या जनावरासाठी मी कदाचित विचार केला असता. पण शिसं ते शिसंच.

कॅलिफोर्नियात असाल तर निवड उरलेलीच नाही. १ जुलै २०१९ पासून तिथं कुठल्याही शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. बाकी ठिकाणी, घरात मांस खाणारं लहान मूल नसेल, आजोबांची जुनी .३०-३० असेल आणि ती शिशावरच छान जुळलेली असेल, तर मी आग्रह धरणार नाही. नवी .३०८ घेतली असेल तर मात्र सुरुवातच तांब्यानं करावी असं मला वाटतं. दोन वेगळ्या कंपन्यांचे एकेक डबे सप्टेंबरातच घ्या, कारण नोव्हेंबरात हवं ते वजन मिळत नाही. आधी शिशाची झाडली असतील तर नळी तांब्याचा थर काढणाऱ्या सॉल्व्हंटनं अगदी स्वच्छ करा. मी तसंच जुन्या नळीतून मारून बघितलं तेव्हा गोळ्या कागदभर विखुरल्या होत्या. नळी साफ केल्यावर शंभर यार्डांवर तीन गोळ्या आगपेटीखाली झाकतील एवढ्यात बसल्या.