बँकॉक एअरपोर्टवर आईच्या ओव्हरस्टेचा (म्हणजे परवानगीच्या मुदतीपेक्षा जास्त दिवस राहिल्याचा) दंड भरला, त्याचा अनुभव

रेटिंग आधीच देऊन टाकते. सुवर्णभूमी एअरपोर्टवरच्या इमिग्रेशनला पाचपैकी पाच, आणि आम्हाला भेटलेल्या एजंटला शून्य. त्या एजंटचं नाव इथे लिहीत नाहीये कारण असे प्रत्येक गल्लीत एकेक असतात, त्यामुळे नाव कळून काही फायदा नाही, तो बोलतो काय आणि घाबरवतो कसा ते कळलं पाहिजे.

ताई बँकॉकला राहते, जिजूंची नोकरी तिथे. तिच्या बाळंतपणासाठी आई 3 डिसेंबर 2024 ला गेली, आणि तिला परत आणायला म्हणून मी जानेवारीच्या मध्यावर गेले. आपल्या पासपोर्टवर जुलै 2024 पासून तिथे 60 दिवस व्हिसाशिवाय राहता येत होतं, आणि आमच्या सगळ्यांच्या डोक्यात ते "दोन महिने" असं बसलं होतं. तिकीट काढताना जिजूंनी 3 डिसेंबर ते 3 फेब्रुवारी असा सरळ हिशोब केला, फ्लाइट 3 तारखेच्या रात्रीची म्हणजे खरं तर 4 तारखेला मध्यरात्रीनंतरची, एखादा दिवस इकडेतिकडे झाला तर काय होतं असं वाटलं असणार. पण 60 दिवस म्हणजे दोन महिने नाहीत, आणि उतरलात तो दिवसही त्यात धरतात, मग रात्री अकराला उतरलात तरी तो पहिला दिवस. 3 डिसेंबर पहिला धरला की साठावा दिवस येतो 31 जानेवारी. पासपोर्टवर येतानाच्या शिक्क्यात तीच तारीख ढळढळीत असते, किती तारखेपर्यंत राहता येईल ती. आम्ही कोणी दोन महिन्यात तो शिक्का उघडून बघितला नाही. बाळ, तान्ह्याची झोप, डिंकाचे लाडू, आळीवाची खीर, यात कोणाला सुचणार.

कळलं कधी तर 1 फेब्रुवारीला, शनिवारी सकाळी. माघी गणेश जयंती होती. बँकॉकमध्ये हुआय ख्वांगच्या चौकात गणपतीचं स्थान आहे, थाई लोकही तिथे रांगा लावून हार आणि नैवेद्य ठेवतात, आईला तिथे जायचंच होतं. बाहेर पडताना पासपोर्ट जवळ असावा म्हणून मी तिचा पासपोर्ट पर्समध्ये टाकत होते आणि सहज शिक्क्याचं पान उघडलं. 31 जानेवारी. मी दोनदा वाचलं. आई साडी नेसून, हातात जास्वंदीच्या फुलांची पिशवी घेऊन दारात उभी होती.

मुदत संपायच्या आत असतो तर 1,900 बाट भरून इमिग्रेशन ऑफिसमधून 30 दिवस वाढवून मिळाले असते, पण ती एक दिवसाने गेली होती आणि त्यात शनिवार-रविवार ऑफिस बंद. सोमवारी रात्री आमचं फ्लाइट. त्या दोन दिवसात आई घराबाहेर पडली नाही. कारण दंड वेगळा आणि पकडलं जाणं वेगळं. स्वतःहून एअरपोर्टवर जाऊन दंड भरून निघालात तर दिवसाला 500 बाट, जास्तीत जास्त 20,000, आणि 90 दिवसांच्या आतल्या ओव्हरस्टेला बंदीही नाही. पण त्याआधी रस्त्यात पोलिसांनी तपासलं आणि सापडलात, तर अटक, कोर्ट, आणि ओव्हरस्टे एक वर्षाच्या आतला असला तरी पाच वर्षं थायलंडमध्ये यायला बंदी. हे नियम 20 मार्च 2016 पासूनचे आहेत. नातवाला पाच वर्षं तिथे जाऊन बघता येणार नाही, या एका विचाराने आईने त्या दिवशी गणपतीला घरातूनच हात जोडले. ती 68 वर्षांची आहे, पोस्टात काउंटरवर तीस वर्षं नोकरी केली, आयुष्यात कधी कसला दंड भरलेला नाही, आणि सारखं एकच म्हणत होती, "माझ्यामुळे झालं का गं?" खूप वाईट वाटत होतं तिच्याकडे बघून.

आता एजंट. जिजूंच्या ओळखीच्या एकांनी नंबर दिला, सुखुमवित भागात बसतो, व्हिसाची कामं करतो, हिंदी बोलतो. जिजूंनी फोन स्पीकरवर टाकला. तो शांतपणे म्हणाला की आंटीजी ब्लॅकलिस्ट होतील, काउंटरवर तीन दिवस दिसले की आत नेतात, रात्रभर बसवतात, फ्लाइट जाईल, मग पुढचं तिकीट, मग अजून दिवस. मग म्हणाला, माझी आतमध्ये सेटिंग आहे, 8,000 बाट द्या, त्यात दंड पण आला आणि साहेबांचं चायपानीही. म्हणजे आपले वीस हजार रुपये. 2,000 आत्ता ॲडव्हान्स, बाकीचे एअरपोर्टवर त्याच्या माणसाला.

तुम्ही म्हणाल एवढ्यावर विश्वास कसा बसला. बसला, कारण भीती खोटी नव्हती. तिथेही लाचेला चहापाणीच म्हणतात, अगदी शब्दशः, थाईमध्ये "खा नाम रॉन नाम चा", म्हणजे गरम पाण्याचे आणि चहाचे पैसे. ज्या हुआय ख्वांगला आम्ही गणपतीला निघालो होतो त्याच भागातल्या पोलिसांचं प्रकरण जानेवारी 2023 मध्ये गाजलं होतं, एका तैवानी अभिनेत्रीला रात्री नाक्यावर अडवून 27,000 बाट काढले म्हणून, आधी पोलिसांनी नाही म्हटलं आणि मग चौकशीत सगळं बाहेर आलं. जिजूंना हे माहीत होतं. आणि आपण भारतातून गेलेलो, आपल्याला आरटीओपासून तहसीलपर्यंत सवय आहे की सरकारी काउंटरवर काम अडलं की कोणीतरी "माणूस" शोधायचा. आम्ही परत आल्यावर आठवड्याभरात 2024 ची भ्रष्टाचाराची जागतिक यादी आली त्यात भारताला 100 पैकी 38 आणि थायलंडला 34 (गुण जितके कमी तितका भ्रष्टाचार जास्त), म्हणजे तिकडे आपल्याहून बरं असेल असंही म्हणायची सोय नाही. तर जिजूंनी 2,000 बाट पाठवले. मी अडवलं नाही, कारण मलाही आईला रात्रभर कुठल्या खोलीत बसवलेलं डोळ्यासमोर येत होतं.

अडवलं ते आईने. तिने संध्याकाळी विचारलं की तो पावती देणार का? जिजू म्हणाले, आई, अशा कामाची पावती नसते. त्यावर ती म्हणाली, "मग ते पैसे सरकारात जाणारच नाहीत. माझ्या पासपोर्टवर तीन दिवस तसेच राहतील आणि पुढच्या वेळेला मलाच विचारतील." तीस वर्षं मनीऑर्डरीच्या पावत्या फाडलेल्या बाईला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. मग जिजूंनी त्यांच्या ऑफिसातल्या एका थाई सहकारी बाईंना फोन केला, शनिवारी रात्री, माफी मागत. त्या दोन मिनिटांत मोकळ्या झाल्या, म्हणाल्या की कोणालाही काही देऊ नका, सोमवारी लवकर एअरपोर्टवर जा, रोख पैसे न्या, मध्यरात्रीच्या आत इमिग्रेशन करा म्हणजे चौथा दिवस लागणार नाही, आणि शिक्क्यात फेरफार करून देतो असं कोणी म्हणालं तर पळा, कारण खोटा शिक्का हा ओव्हरस्टेपेक्षा कितीतरी मोठा गुन्हा आहे.

सोमवारी संध्याकाळी साडेसातलाच एअरपोर्ट गाठलं. बॅगा दिल्या आणि पासपोर्ट कंट्रोलला गेलो. हल्ली तिथे काही परदेशी पासपोर्टसाठी ऑटोमॅटिक गेट आहेत, तिकडे अजिबात वळलो नाही, माणूस बसलेल्या रांगेत उभे राहिलो. आमची पाळी आली तशी मी आधीच सांगून टाकलं, ओव्हरस्टे, थ्री डेज, सॉरी. लपवण्यासारखं काही नव्हतंच, शिक्का समोर होता. त्या मुलीने पान बघितलं, बोटांवर मोजल्यासारखं केलं, आणि बाजूला हात दाखवला. एक अधिकारी आला, पन्नाशीचा, पासपोर्ट घेतला आणि आम्हाला कडेच्या टेबलाकडे घेऊन गेला. आईने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगड्या रुतत होत्या. मला एजंटचं "आत नेतात" आठवलं.

आत काही नव्हतं. टेबल, खुर्च्या, छापील फॉर्म. आमच्या आधी एक रशियन मुलगा बसलेला, त्याचे बरेच दिवस असावेत, तो नोटा मोजत होता. आईला बसायला सांगितलं. फॉर्मवर नाव, पासपोर्ट नंबर, किती दिवस, हे त्यानेच भरलं, आईने सही केली, मराठीत करते ती, त्याने काही म्हटलं नाही. मग कॅल्क्युलेटरवर 1,500 दाखवले.

माझ्याकडे हजारच्या दोन नोटा होत्या. सुट्टे आणायला हवे होते, ते डोक्यात आलंच नाही. दोन्ही नोटा दिल्या, त्याने पासपोर्ट आणि नोटा घेतल्या आणि पलीकडे निघून गेला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. माझ्या मनात पक्कं बसलं की 500 गेले, आता तो हसून येईल आणि शिक्का मारून पाठवून देईल आणि विचारायची माझी हिंमत होणार नाही, कारण आईचा पासपोर्ट त्याच्या हातात आहे. खरंच सांगते, त्या दहा मिनिटांत मी ते 500 मनातल्या मनात देऊनही टाकले होते, की जाऊ दे, सुटलो. आई मात्र हळूच म्हणाली, "पावती माग हं."

मागावी लागली नाही. तो आला, पासपोर्ट, पावती आणि पावतीवर ठेवलेली जांभळी 500 ची नोट आईच्या पुढ्यात ठेवली, दोन्ही हातांनी. पावती थाईमध्ये, वर्ष त्यांच्या पद्धतीने 2568, पण आकडा 1,500 वाचता येत होता. आईने चष्मा लावून शिक्का कुठे, सही कुठे, रक्कम कुठे असं सगळं बघितलं आणि मग मान हलवली. तो तिच्याकडे बघत होता आणि त्याने हात जोडून नमस्कार केला, तिकडची वाय म्हणतात तशी. आईनेही केला. मला फार लाज वाटली. त्या माणसाबद्दल मी दहा मिनिटं काय काय विचार केला होता आणि तो फक्त सुट्टे आणायला गेला होता.

रांगेत उभं राहिल्यापासून सगळं मिळून अर्धा-पाऊण तास. फ्लाइटला भरपूर वेळ होता. मुंबईत उतरल्यावर कोणी एक शब्द विचारला नाही.

ज्यांना गरज पडेल त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी. रोख बाट ठेवा, शक्यतो नेमके. शिक्क्यावरची तारीख उतरल्या उतरल्या मोबाइलमध्ये टाका, आणि आईवडिलांची तारीख मुलांनी टाका, त्यांच्यावर सोडू नका. मध्यरात्रीनंतरचं फ्लाइट असेल तर ज्या क्षणी पासपोर्ट कंट्रोल पार करता ती तारीख धरतात, फ्लाइटची नाही. 1,500 दंड आणि 1,900 मुदतवाढ असा हिशोब करून मुद्दाम ओव्हरस्टे करू नका, मधल्या दिवसांत पकडलं गेलं तर पाच वर्षं जातात, शिवाय नोंद राहते ती राहतेच. 90 दिवसांच्या पुढे गेलेलं असेल तर स्वतःहून निघालात तरी एक वर्ष बंदी आहे, वर्षाच्या पुढे तीन, तीनच्या पुढे पाच, पाचच्या पुढे दहा, तिथे मात्र आधी नीट वकिलाशी बोला. तिकडची इमिग्रेशनची हेल्पलाइन 1178 आहे आणि टुरिस्ट पोलिसांची 1155, आम्हाला हे नंबर त्या शनिवारी माहीत असते तर एजंटला फोनच गेला नसता. आणि व्हिसाचे दिवस तिकडे बदलत असतात, म्हणून आमच्या 60 वर जाऊ नका, स्वतःचा शिक्का बघा.

कोणी म्हणेल की तुमचं नशीब चांगलं, दुसऱ्या काउंटरवर वेगळं झालं असतं. होऊ शकतं. मी सगळ्या देशाबद्दल सांगत नाहीये, एका रात्रीचं आणि एका टेबलावरचं सांगतेय. पण 1,500 च्या जागी 8,000 जे जाणार होते ते तिथल्या कुठल्याही अधिकाऱ्याने मागितले नव्हते. ते मागितले आपल्याच भाषेत बोलणाऱ्या माणसाने, त्या अधिकाऱ्यांच्या नावावर.

दंडाची पावती आईने पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवली आहे, तिची झेरॉक्सही काढून घेतली. ॲडव्हान्सचे 2,000 बाट जिजूंनी तीनदा मागितले, एजंट आधी "भेजता हूँ" म्हणाला, मग फोन उचलायचा बंद झाला. त्या पैशांची आमच्याकडे पावती नाही.