मन खचलंय: तलावपाळीची फेरी की घरातलंच एक छोटं काम?

मन उतरलं की 'आधी उत्साह येऊ दे, मग उठेन' असं वाटतं. होतं उलटं. आधी काहीतरी करायचं, उत्साह मागाहून येतो. 'बिहेवियरल ॲक्टिव्हेशन' ही मानसोपचारातली पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. प्रश्न एवढाच, सुरुवात बाहेरून करायची की घरातून?

ठाणेकरांसाठी माझं मत सकाळच्या फेरीला. तलावपाळीवर, म्हणजे ठाण्यातल्या मासुंदा तलावाच्या कडेने, कौपिनेश्वर मंदिराच्या बाजूने सावकाश चालायचं. सकाळच्या उजेडाने शरीराचं घड्याळ ताळ्यावर येतं, रात्रीची झोप सुधारायला मदत होते. शिवाय कोणाशी बोलावं लागत नाही, तरी माणसांत असल्यासारखं वाटतं. अडचण तिथवर पोचण्याची: अंघोळ, कपडे, जिना, रिक्षा. वाईट दिवशी हे सगळं डोंगराएवढं होतं.

अशा दिवशी घरातलं काम बरं. सिंकमधल्या सगळ्या भांड्यांकडे बघू नका. फक्त चहाचं पातेलं घासा, पालथं घाला. झालं. तेवढंही पुरे आहे, खरंच. काम संपलेलं डोळ्यांना दिसतं, हा त्याचा मोठा गुण. पण दिवसभर चार भिंतींतच राहिलं की तेच विचार पुन्हा घोळायला लागतात, म्हणून निदान खिडकीशी जाऊन उभं राहा.

दोन आठवडे रोज असंच राहिलं, झोप-भूक बिघडली, तर दोन्ही पर्याय अपुरे आहेत, डॉक्टरांना भेटा. जीव नकोसा वाटला तर क्षणभरही थांबू नका: टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही.