लेक्सिंग्टन बार्बेक्यू: ऑर्डर देताना ‘आउटसाइड ब्राउन’ म्हणायला विसरू नका

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटहून आय-८५ महामार्गाने ग्रीन्सबरोकडे निघालात, तर जेवण लेक्सिंग्टनला उरका. गावात बार्बेक्यूची दुकानं बरीच, त्यात १९६२चं ‘लेक्सिंग्टन बार्बेक्यू’ सर्वांत नावाजलेलं. राज्याच्या पूर्वेकडे अख्खं डुक्कर भाजतात, इथे फक्त खांदा, तोही लाकडाच्या निखाऱ्यांवर तासन्‌तास.

नुसतं ‘चॉप्ड’ मागितलं तर बारीक चुरा येतो, तो पटकन गार होतो. ‘कोर्स चॉप्ड, आउटसाइड ब्राउन’ सांगा: जाडसर तुकडे आणि बाहेरची काळपट, चिवट, धुरकट खरपुडी. खरी चव तिच्यातच. मात्र एका खांद्याला ती थोडीच निघते, उशिरा गेलात तर संपलेली असते.

सोबतचं ‘डिप’ म्हणजे व्हिनेगर, केचप, साखर, मिरची, पाण्यासारखं पातळ. आधी चाखा, मग ओता, नाहीतर ब्रेडचा लगदा. लाल स्लॉ मेयोनेजशिवाय, आपल्या कोबीच्या कोशिंबिरीसारखं आंबटगोड. हशपपीज, म्हणजे मक्याच्या पिठाची भजी, गरमच खावीत. गार झाली की दगड.

शाकाहाऱ्यांचं इथे फारसं जमत नाही. फ्राइज, हशपपीजचं तेल वेगळं आहे का, विचारून घ्या. आणि रविवारी जाऊ नका, बंद असतं.