जुना वायरलेस माऊस, नवा लॅपटॉप: अडॅप्टर घ्यावा की ब्लूटूथ माऊस?

नवीन लॅपटॉपला फक्त टाइप-सी पोर्ट, आणि बाबांच्या जुन्या कीबोर्ड-माऊसचा रिसीव्हर साध्या यूएसबीचा, म्हणून पुण्याच्या तपकीर गल्लीतून छोटा अडॅप्टर आणला, लावला, लगेच चालला, ड्रायव्हर वगैरे काही नाही. पण यूएसबी हबमध्ये (एका पोर्टला अनेक गोष्टी जोडायची डबी) हार्ड डिस्क लावली की माऊस अडखळायचा. कारण यूएसबी 3.0 चा डेटा चालू असताना 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ नॉइज होतो आणि रिसीव्हर नेमका तिथेच ऐकत असतो. रिसीव्हर एक्स्टेन्शन केबलने हबपासून फूटभर लांब नेला आणि त्रास संपला, त्यामुळे जुना माऊस फेकायच्या आधी एवढं करून बघाच!

ब्लूटूथ माऊसला पोर्टच लागत नाही, रिसीव्हर हरवायची भीती नाही, प्रवासात तर बेस्टच. पण तोही 2.4 वरच चालतो, आणि लॅपटॉप झोपेतून उठला की कधीकधी कनेक्ट व्हायला वेळ घेतो. कीबोर्ड ब्लूटूथचा असेल तर बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीची सेटिंगची स्क्रीन) बहुतेक चालतच नाही, तिथे रिसीव्हरवालाच कामाला येतो.

माझं मत, घरच्या टेबलावर अडॅप्टर आणि केबल. रिसीव्हर हरवला असेल तरच सरळ ब्लूटूथ घ्या.