कीक्लोक २६: कॅशच्या एक्सएमएलमधून बऱ्यापैकी सुटका

लॉगिन सांभाळणाऱ्या कीक्लोक या सॉफ्टवेअरचे दोन नोड (म्हणजे दोन सर्व्हर) चालवणाऱ्या आमच्या छोट्या चमूला आजवर सर्वाधिक त्रास झाला तो कॅशच्या, म्हणजे वारंवार लागणारी माहिती मेमरीत ठेवणाऱ्या साठ्याच्या, सेटिंगचा. वाइल्डफ्लाय या जावा सर्व्हरवर चालणाऱ्या जुन्या कीक्लोकमध्ये इन्फिनिस्पॅनचा (कॅश सांभाळणाऱ्या लायब्ररीचा) एखादा आकडा बदलायचा म्हणजे लांबलचक एक्सएमएल फाइलमध्ये हात घालावा लागे. २०२२ मध्ये सतराव्या आवृत्तीपासून वाइल्डफ्लायच्या जागी क्वार्कस ही हलकी जावा चौकट आली आणि ती फाइल आटोपशीर झाली, तरी तिची स्वतःची प्रत सांभाळणे आणि दर अपग्रेडला ती मूळ फाइलशी ताडून पाहणे काही चुकले नव्हते. २६ मध्ये मात्र वापरकर्त्यांच्या कॅशची १०,००० नोंदींची मूळ मर्यादा वाढवायला एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सर्व्हरला बाहेरून दिलेले एका ओळीचे सेटिंग) पुरते.

खरी सोय झाली आहे ती नोडनी एकमेकांना शोधण्याच्या बाबतीत. पूर्वी हे काम मूळ सेटिंगनुसार यूडीपी मल्टिकास्टवर, म्हणजे नेटवर्कवरील अनेक यंत्रांना एकदम संदेश पाठवण्याच्या पद्धतीवर, चाले. आमच्या नेटवर्कवर मल्टिकास्ट बंद होते आणि ते आधी तपासून घेण्याचे आम्हालाच सुचले नाही. त्यामुळे दोन्ही नोड एकत्र काम करणारा एक गट (क्लस्टर) होण्याऐवजी आपापले वेगळे क्लस्टर मांडून बसले, आणि एका नोडवर लॉगिन केलेल्या माणसाची विनंती दुसऱ्याकडे गेली की त्याच्यापुढे पुन्हा पासवर्डचे पान येई. लॉगमधल्या क्लस्टर व्ह्यूच्या ओळीत नोडांची संख्या कंसात २ ऐवजी १ दिसत होती, पण ती आमच्या नजरेत भरायला दोन दिवस गेले. जानेवारी २०२५ मधील २६.१ पासून जेडीबीसी-पिंग ही मूळ पद्धत झाली असून प्रत्येक नोड आपला पत्ता कीक्लोकच्याच डेटाबेसमधील एका टेबलात लिहितो आणि इतरांचे पत्ते तिथूनच उचलतो. नोडांच्या आपसातील संपर्कासाठी ७८०० आणि ५७८०० हे पोर्ट मात्र खुले ठेवावेच लागतात.

तक्रार एकच आहे. कॅश स्थानिक (त्या एका नोडपुरती) ठेवायची की क्लस्टरची, हा पर्याय बिल्डच्या वेळी, म्हणजे सर्व्हर सुरू करण्याआधी तो तयार करताना, ठरतो, तर नोंदींची मर्यादा सर्व्हर सुरू करताना देता येते. पर्यायांच्या नुसत्या नावावरून हा फरक कळत नाही, आणि आधी बिल्ड केलेली कंटेनर इमेज वापरणाऱ्याला तो हमखास नडतो. शिवाय डेव्ह मोडमध्ये (विकासासाठीच्या सेटिंगमध्ये) कॅश स्थानिकच असल्याने क्लस्टरची चूक विकासकाच्या यंत्रावर दिसतच नाही.

एकच सर्व्हर असेल तर स्थानिक कॅश निवडून मोकळे व्हावे. दोन-तीन नोड असतील तर मूळ सेटिंगला हात न लावता आधी फायरवॉल पाहावी आणि मग लॉगमधला तो कंसातला आकडा.